टोरीच्या तेलाचं टिपूर

दरवर्षी कार्तिक पुनवेले आमच्या वॉर्डात मोबाईलवाले पोट्टे येतात. हातात माईक, काडीवर कॅमेरा. झरपट नदीच्या काठावर उभे राहून सांगतात की चंद्रपूरचा हा दीपोत्सव गोंडराजांच्या काळापासून असाच चालत आला आहे. मी खिडकीत मशीनवर बसलेली असते. ब्लाऊज शिवता शिवता ऐकते अन् माझं डोकं फिरते. दिवे जुने आहेत, हे खरं. ते तर राजांच्याही आधीचे, देवांचे आहेत. पण घरटी एक वाटी तेल आणायचं, सगळ्या वाट्या एकाच गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, ओतायच्या अन् त्या मिसळलेल्या तेलाचे दिवे लावायचे, ही जी पद्धत पाहायले तुम्ही कॅमेरे घेऊन येता, ती कोण्या राजानं नाई पाडली बाप्पा. ती माझ्या शेजारच्या रुखमानं पाडली. अन् तीही ठरवून नाई पाडली. एका शिऱ्याच्या पायी पडली.

मी रंजीता. माझं शिवणकामाचं दुकान घरातच आहे, अन् रुखमाची न् माझी भिंत एकच. तिच्या घरची कोणतीच गोष्ट माझ्यापासून लपत नाई, अन् माझ्या घरची तिच्यापासून. म्हणून मी सांगते ते ऐका. माईकवाल्यायले मी एकदा सांगायले गेली होती, तर ते म्हणे, काकू जरा बाजूले व्हा, फ्रेममध्ये येऊन राह्यल्या.

रुखमा कुरखेड्याकडची. घरापुढे धान अन् घरामागे जंगल, असं तिचं माहेर. लग्न होऊन चंद्रपुरात आली. नवरा खुशाल खाणीत कामाले, शांत माणूस, दोन्ही बाजू ऐकून जेवायले बसणारा. रुखमा मात्र गप्प बसणारी नाई. गोल बाजारात तिची ठरलेली जागा आहे. उन्हाळ्यात चारं अन् टेंभरं, म्हणजे चारोळीची अन् तेंदूची फळं, पावसाळ्यात रानभाजी, हिवाळ्यात डिंक अन् मध. मधात साखर आहे का म्हणून कोणी विचारलं, की ती त्याच्या हातातली शिशी काढून घेते अन् म्हणते, जा, दुसरीकडे पाहून ये. तो माणूस सगळा बाजार फिरून तिच्याकडेच वापस येतो. ती त्याले टोमणा मारते अन् मंगच देते. अख्ख्या बाजारात ती कोणाले भ्यायची नाई. भ्यायची ती फक्त घरी, सासूले.

सासू म्हणजे सुगंधाबाई. बाई वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते. रुखमाच्या दोन्ही बाळंतपणात तिनं हातानं न्हाऊ घातलं, माहेरची उणीव भासू दिली नाई. पण एक गोष्ट निघाली की बाई एकदम दगड व्हायची. ती गोष्ट म्हणजे टोरीचं तेल.

मोहाची फुलं तर सगळ्यायले माहीत. फुलं झडली की त्याच झाडाले फळ धरते, अन् त्या फळातली बी म्हणजे टोरी. तिचं तेल निघते. रुखमाच्या माहेरी भाजी त्यातच, दिवा त्यातच, थंडीत उललेल्या टाचायले तेच. लग्नात मायनं तिच्यासोबत एक बरणी दिली होती. नव्या सुनेनं पहिल्याच हप्त्यात मोठ्या हौसेनं त्यात वडे तळले. सासूनं कढई उचलली अन् वड्यांसकट नालीत उलटी केली. वास मारते म्हणे. हे जंगलातलं तेल माझ्या घरात नाई अन् माझ्या देवाले तर बिलकुल नाई. रुखमानं कढई घासून जागेवर ठेवली. त्यानंतर त्या घरात टोरीच्या तेलाचं नाव निघालं नाई. पण माहेरचं अन्न नालीत गेलेलं कोणती पोरगी विसरते? मीही विसरली नसती.

आता टिपुराचं सांगते, म्हणजे पुढची गोष्ट कळंन. कार्तिक पुनवेले महादेवानं त्रिपुरासुराले मारलं. त्याची तीन पुरं होती, एक सोन्याचं, एक चांदीचं, एक लोखंडाचं, अन् तिन्ही आभाळात फिरायची. तिन्ही एका रेषेत आली तशी देवानं एकच बाण सोडला अन् तिन्ही जळून गेली. देवायले एवढा आनंद झाला की त्यायनं दिवे लावले. ते दिवे म्हणजे त्रिपूर, आमच्या तोंडात टिपूर. आमच्या देवळात दरवर्षी महाराज हे प्रवचनात सांगतात, अन् लोखंडाच्या पुरापाशी आले की मागून कोणीतरी म्हणतेच, ते सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीत असंन. सगळे हसतात, महाराजही हसतात. मंग देवळापुढच्या दगडी दीपमाळेवर अन् घाटाच्या पायऱ्यायवर दिवे लागतात. तेव्हा या दिव्यायचं तेल देवळाची कमिटी आणायची, तिळाचं.

दहाएक वर्षं झाली असतील. महाशिवरात्रीची बैठक होती. कमिटीचे अध्यक्ष सुनिलभाऊ, लोखंडी सामानाचे दुकानदार, वर्षाची कामं वाटून राह्यले होते. मांडव कोणाचा, माईक कोणाचा, टिपुराचं तेल कोणाचं. बायकांच्या रांगेतून रुखमा उठली अन् म्हणाली, यंदा तेल माझं. सुनिलभाऊ खूश झाले. कोणतं आणता म्हणून त्यायनं सहज विचारलं. रुखमा म्हणाली, टोरीचं.

सगळ्यात पुढे सुगंधाबाई बसली होती. तिनं मागे वळूनही पाह्यलं नाई, पण तिची मान ताठ झाली हे मले मागून दिसलं. बायका पदराआड कुजबुजायले लागल्या. सुनिलभाऊनं गोड आवाज काढला. बाई, खायच्या-लावायच्या तेलाचं वेगळं, देवाचं वेगळं, त्याले वास असते, असं काहीतरी समजावून राह्यले होते. रुखमानं त्यायले पूर्ण बोलू दिलं अन् मंग म्हटलं, "भाऊ, महादेवानं राक्षस मारला तवा देवायनं आनंदानं दिवे लावले ना? तवा कोनी इचारलं होतं का, तेल कोन्या झाडाचं हाय म्हून?"

सुनिलभाऊनं महाराजांकडे पाह्यलं. महाराजायनं डोकं खाजवलं अन् कबूल केलं की तसं काही पोथीत नाई. मंग सुनिलभाऊनं अट घातली. एक वर्ष पाहू. पण टिपुराच्या दिवशी घाटावर जरासाही वास सुटला, तर या तेलाचं नाव देवळात पुन्हा काढायचं नाई. रुखमा म्हणाली, मंजूर. त्या रात्री भिंतीपलीकडून सुगंधाबाईचा आवाज मले साफ ऐकू आला. आवाज चढलेला नव्हता, त्याचंच भेव वाटलं. ती म्हणाली, तू चारचौघांत माझ्या वरचढ झाली. आता त्या दिवशी घाटावर वास आला अन् लोकायनं नाक धरलं, तर मी तुझ्या हातचं पाणीही घेणार नाई.

दुसऱ्या दिवशी मी रुखमाले झापलं. म्हटलं, तुले वेड लागलं काय? काऊन नस्तं ओढवून घेतलं? घर चाललं होतं ना चांगलं? ती डिंक निवडून राह्यली होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "चाललं होतं. पन त्या घरात मी अर्धीच आली हावो, रंजीता. अर्धी अजून माह्या मायच्या बरणीत हावो." मी घरी येऊन मशीनवर बसली अन् एका ब्लाऊजची बाही उलटी लावली.

जेठात ती माहेरी गेली. स्वतः टोऱ्या वेचल्या, वाळवल्या, फोडल्या, गिरणीवरून तेल काढून एक पिपा भरून आणला. मंग अंगणात चूल मांडून ते कडवायले लागली. कडवायचं, निवू द्यायचं, फडक्यातून गाळायचं अन् पुन्हा कडवायचं. पहिल्या खेपेस मी नाकाले पदर लावला, खोटं काऊन बोलू. पण दसऱ्यापर्यंत त्या तेलाचा वास असा गेला की मी मुद्दाम पिप्यात तोंड घालून पाह्यलं, काही नाई. रुखमा कमरेवर हात ठेवून उभी. म्हणे, आता बोल. तिची सासू मात्र त्या चुलीकडे एकदाही फिरकली नाई. अंगणातून जायचं झालं तर भिंतीकडे तोंड करून जायची.

टिपुराचा दिवस आला, अन् थंडी अशी पडली की नळाचं पाणी हाताले चावे. सकाळी रुखमानं पिपा देवळात नेला अन् झाकण उघडलं, तर तेल थिजलेलं. टोरीचं तेल थंडीत थिजतेच. पिवळसर, रवाळ होते. त्यात तिले नवल काहीच नव्हतं. तिच्या गावात थंडीत हेच करतात, चूल पेटली की तेलाचा डबा चुलीच्या बाजूले सरकवून ठेवतात. हळूहळू आपोआप पातळ होते. देवळामागे प्रसादाची मोठी चूल पेटली होती. रुखमानं पिपा तिथी नेऊन ठेवला, झाकण अर्धं उघडं केलं अन् अंघोळ करून नवं लुगडं नेसायले घरी आली. कोणाले काही सांगतलं नाई. सांगायचं असते हे तिच्या ध्यानातच आलं नाई. कुरखेड्याकडे चुलीजवळ डबा दिसला की लहान लेकरालेही समजते काय ते. पण चंद्रपुरात कोणाले समजते?

चुलीवर बापूजी होते. चिमूरचे आचारी, हाताले मोठी चव. त्यायले कमिटीनं सांगतलं होतं की तूप कोणीतरी भक्त आणून देणार आहे. दुपार होत आली तरी तूप आलं नव्हतं अन् बापूजी कावले होते. वळून पाहतात तर चुलीशी पिपा. आत पिवळं, रवाळ, वरून थोडं पातळ झालेलं, वास काही नाई. गावरान तूप कसं दिसते? असंच दिसते. बापूजीनं त्या न दिसलेल्या भक्ताले हात जोडले अन् अख्ख्या वॉर्डाचा शिरा त्यात परतला. मसालेभातही त्यातच टाकला. मोकळ्या हातानं घाला म्हणून त्यायले कोणी सांगायची गरज नसते.

आमच्या देवळात दिवस बुडायच्या आधी नैवेद्य अन् पंगत होते, चंद्र वर आला की दिवे. मी अन् रुखमा देवळात पोचलो तेव्हा पंगत बसली होती. पायऱ्यायवर पणत्या मांडून झाल्या होत्या, कोरड्या, वाती घातलेल्या, फक्त तेलाची वाट. पंगतीत पहिल्या जागेवर सुगंधाबाई. दिवसभराचा उपास होता तिचा. शिरा खाऊन राह्यली होती अन् बापूजीले म्हणत होती की असं तूप मी माझ्या मायच्या घरी खाल्लं होतं, त्यानंतर आजच. बापूजी लाजून हसले अन् त्यायनं तिले अजून वाढलं.

आम्ही मागे गेलो. पिपा चुलीशीच होता, रिकामा, आतून पुसून घेतल्यासारखा. रुखमानं त्यात पाह्यलं, मंग कढईत पाह्यलं, मंग बापूजीच्या तोंडाकडे. बापूजी विचारतात, वहिनी, तूप तुम्ही दिलं होतं काय? मले हसू फुटून राह्यलं होतं अन् रडूही. रुखमा चुलीपुढे बसली. एवढ्या वर्षांचं तिचं सगळं त्या पिप्यात होतं, अन् समोर अख्खा वॉर्ड ते चाटून पुसून खात होता.

सुनिलभाऊ धावत आले. त्यायले सारं कळलं तसे तेही घामाघूम झाले. पण माणूस धंद्याचा, तोड लगेच काढली. हळूच म्हणाले, बाई, मी आत्ता बाजारातून दुसरा पिपा आणवतो, तुमच्या पिप्यात ओततो. घाटावर वास येणार नाई. सगळे म्हणतील रुखमाबाईच्या तेलाले वासच नाई. अट तुम्ही जिंकल्या. मले तर ते एकदम पटलं. मी रुखमाच्या दंडाले धरलं अन् म्हटलं, गुपचूप हो म्हण. सासूही गप्प होईल, देवही गप्प राहील.

रुखमानं माझा हात काढला. "मंग माह्यं तेल कुठी लागलं? देवापुढं लबाडी लावू का?"

तिनं रिकामा पिपा उचलला अन् सरळ पंगतीच्या मधोमध जाऊन उभी राह्यली. गोल बाजारातला आवाज तिचा, माईक कशाले पाहिजे? तिनं सांगतलं की हे टिपुराचं तेल होतं, टोरीचं. मी चुलीशी ठेवलं अन् कोणाले सांगतलं नाई, चूक माझी. बापूजीची काही चूक नाई. तुम्ही आत्ता जो शिरा खाल्ला तो याच तेलातला.

पंगत अशी थांबली की पत्रावळीवरचा हात पत्रावळीवर अन् तोंडातला घास तोंडात. एक रिटायर मास्तर उठले अन् चूळ भरायले नदीकडे गेले. दोन-तीन बायकायनं एकमेकींकडे पाह्यलं. ज्या बाईनं बैठकीत पदराआड नाक मुरडलं होतं, तिच्या पत्रावळीवर शिऱ्याचा कणही उरला नव्हता, अन् ती आता पत्रावळ दुमडून लपवून राह्यली होती. सुगंधाबाई जशी होती तशीच बसून राह्यली. हात शिऱ्यात, नजर खाली.

सासूकडे पाहायची रुखमाची हिंमत झाली नाई. ती लोकायकडेच पाहत राह्यली. म्हणाली, "देवाचं तेल आता तुमच्या पोटात हाय, ते तर मी काढू शकत नाई. ज्यानं ज्यानं खाल्लं, त्यानं घरून वाटीभर तेल आना. कोनतंही आना. कोन्या झाडाचं, ते आज कोनी इचारनार नाई."

मंग मागून कोणीतरी फस्सकन हसलं. त्यानंतर हसणं पंगतभर पसरलं, अन् हसता हसता लोक उठायले लागले. सुनिलभाऊ सगळ्यात आधी निघाले, कारण दोनदा शिरा मांगून त्यायनंच घेतला होता. कोणी जवसाचं आणलं, कोणी शेंगदाण्याचं, कोणी सोयाबीनचं, कोणी डोक्याले लावायचं खोबरेलच उचलून आणलं. चूळ भरायले गेलेले मास्तर चांगला गंजभर तिळाचं घेऊन आले. देवळातल्या मोठ्या गंजात सगळं ओतलं. पणत्या भरल्या. चंद्र गावाच्या जुन्या परकोटाच्या भिंतीवर आला, महाराजायनं पहिली वात पेटवली अन् घाट खालून वरपर्यंत उजळला. वास विचाराल तर त्या दिवशी घाटावर सगळ्या वॉर्डाच्या सैंपाकघरांचा वास होता. नाक कोणी धरलं नाई. धरणार कोण?

मी दिवे लावून वळली अन् पाह्यलं, पंगतीच्या जागेवर सुगंधाबाई अजून तशीच. लोक उठून गेले, पत्रावळी गोळा झाल्या, हिची पत्रावळ तिच्यापुढेच. अर्धा शिरा तसाच. मले वाटलं, आता हिनं पाणी सोडलं सुनेच्या हातचं. रुखमानंही पाह्यलं. तेलकट हात लुगड्याले पुसत ती गेली अन् सासूपुढे जमिनीवर बसली. मी थोडी मागे उभी राह्यली. ऐकायलेच उभी राह्यली, लपवू काऊन.

सुगंधाबाईनं बोटानं शिरा जरा हलवला. मंग विचारलं, "हे तेच तेल व्हय? तुह्या मायचं?"

"हो, आई. तेच."

दिव्यांच्या उजेडात म्हातारीचे डोळे भरलेले मले दिसले. म्हणाली, "मंग इतके वर्स मले काऊन नाई खाऊ घातलं?"

असा संताप आला मले. चांगलं सुनवावं म्हणून माझं तोंड उघडलंही होतं, पण मी दात दाबले. हा हिशेब माझा नव्हता. अन् रुखमा, जिच्याजवळ अख्ख्या बाजाराले पुरतील एवढी उत्तरं होती, तिनं फक्त एवढंच म्हटलं, "तुमी मांगतलं नाई, आई."

सुगंधाबाईनं उरलेला शिरा संपवला. सावकाश, कणन् कण. मंग दोन्ही हातायनं पत्रावळ उचलून सुनेपुढं धरली.

"आता मांगून राह्यली. वाढ."

बापूजीच्या कढईत खाली लागलेला थोडासा शिरा उरला होता. रुखमानं तो खरवडून आणला अन् वाढला, अन् वाढता वाढता रडत होती.